छापेत नाव, कमानीत गुण

चाकू मिटलेला असताना त्याची पाठ खिडकीकडे धरायची आणि पोलादी कमान व तिच्या दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्या यांच्या मधून उजेड येतो का ते पाहायचं. जुन्या धाटणीचे खिशातले चाकू जमवणारा माणूस नवा चाकू हातात आला की आधी हेच करतो. मुठीचं हाड, त्याचा रंग, पात्यावरची नक्षी हे सगळं नंतर. उजेडाची बारीक रेघ दिसली की त्याचा चेहरा उतरतो. शंभर डॉलर मोजून घेतलेल्या चाकूत अशी फट का असावी, हा या छंदातला कायमचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

या चाकूला खटका नसतो. हिंदी सिनेमानं आपल्याला ओळखीचा करून दिलेला रामपुरी उघडला की अडकतो, कळ दाबल्याशिवाय मिटत नाही. इथे तसं काही नाही. मुठीच्या पाठीत एक पोलादी कमान बसवलेली असते. तिचं मागचं टोक आणि मधला भाग रिव्हेटांनी पक्का केलेला असतो, पुढचं टोक मोकळं असतं आणि ते पात्याच्या बुंध्यावर दाबून बसतं. तेवढ्या दाबावरच पातं उघडं राहतं किंवा मिटलेलं राहतं. पातं फिरवताना बुंधा कमानीला किंचित उचलतो, मग ती ‘टक्’ आवाज करून पुन्हा खाली बसते. अमेरिकी संग्राहक याला चाकूचा ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. आवाज खणखणीत असेल तर कमानीला पाणी नीट दिलेलं आहे, असा त्यांचा पहिला अंदाज असतो.

खरी परीक्षा बोटाची. चाकू मिटलेला, अर्धा उघडा आणि पूर्ण उघडा अशा तिन्ही स्थितींत पाठीवरून नख फिरवायचं. कमान पट्ट्यांच्या पातळीतच राहिली पाहिजे; वर आलेलीही नको, खाली दबलेलीही नको. हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्यासाठी बुंध्याच्या तिन्ही बाजू मधल्या छिद्रापासून अगदी सारख्या अंतरावर घासाव्या लागतात. केसाच्या जाडीइतका फरकही नखाला लागतो. एकाच कमानीवर दोन पाती असतील तर पंचाईत आणखी वाढते. दोन्ही पाती एका अरुंद खोबणीत एकमेकांना न घासता शेजारी बसावीत म्हणून कारागीर पात्यांना बुंध्यापाशी हातोडीनं अगदी थोडा बाक देतो. किती बाक द्यायचा हे कुठल्याही नकाशात लिहिलेलं नसतं. तो ठोकतो, पातं मिटून बघतो आणि पुन्हा ठोकतो.

ही कला इंग्लंडमधल्या शेफील्डची. तिथल्या चाकू-कारागिरांचा संघ १६२४ मध्ये कायद्यानं स्थापन झाला. भट्टीवर पातं घडवणारा वेगळा, सहाणेवर घासणारा वेगळा आणि सगळे भाग जुळवून चाकू उभा करणारा वेगळा, अशी तिथे कामाची वाटणी होती. जोसेफ रॉजर्स या पेढीनं १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा ‘नॉरफोक’ चाकू केला, तो आजही शेफील्डमध्ये आहे. मला मात्र त्याहून जास्त आदर स्टॅन शॉ यांच्याविषयी वाटतो. १९४१ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते या धंद्यात शिरले आणि पुढचं आयुष्यभर छोट्याशा कामाच्या जागेत बसून खिशातले चाकू करत राहिले. २०२१ मध्ये ते गेले. कमान आणि पट्टी यांच्यात उजेड जाणार नाही अशी जुळणी म्हणजे काय, याचं माप म्हणून जाणकार आजही त्यांच्या चाकूंकडे बोट दाखवतात.

शेफील्डचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे अमेरिका. १८९० मध्ये अमेरिकेनं मॅकिन्ली कायद्यानं आयातीवर जबर कर बसवला आणि शेफील्डच्या त्या बाजाराचं कंबरडं मोडलं. त्या भिंतीआड न्यूयॉर्क आणि पेन्सिल्व्हेनिया या राज्यांत चाकूंचे कारखाने फोफावले. आज ज्या नावांभोवती हा छंद फिरतो त्यांपैकी बरीच नावं तिथली आहेत. पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची ‘केस’ ही त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध. १९९३ पासून ती त्याच गावच्या झिपो या लायटरवाल्या कंपनीच्या मालकीची आहे.

‘केस’च्या चाकूवर संग्राहकाला वाचायला पुष्कळ काही असतं. ६२५४ असा आकडा असेल तर ६ म्हणजे खाचा पाडलेलं हाड, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे ‘ट्रॅपर’ हा घाट. पात्याच्या बुंध्यावरच्या छापेवरून वय कळतं. १९७० मध्ये कंपनीनं छापेखाली दहा ठिपके घातले आणि दरवर्षी एकेक ठिपका कमी करत नेला. १९८० मध्ये पुन्हा दहापासून सुरुवात झाली. भिंग घेऊन ठिपके मोजण्यात एक वेगळाच आनंद आहे, आणि या ठिपक्यांमुळे कितीतरी लोक या छंदाला लागले असतील असं मला वाटतं.

पण छाप वय सांगते, बांधणी सांगत नाही. गेल्या वीस वर्षांत तर छाप कारखाना कुठला हेही सांगेनाशी झाली आहे. ‘ओल्ड टायमर’ चाकू करणारी ‘श्रेड’ ही न्यूयॉर्क राज्यातली जुनी कंपनी २००४ मध्ये बंद पडली. तिचं नाव विकलं गेलं आणि त्याच नावाचे चाकू चीनमध्ये तयार होऊ लागले. २००७ मध्ये ‘कॅमिलस’ गेली. टायटसव्हिल गावची ‘क्वीन’ २०१८ मध्ये बंद झाली. कारखाना बंद पडतो तेव्हा यंत्रं लिलावात कुणीतरी घेतो आणि नावही कुणीतरी घेतो. बाक किती द्यायचा हे ठाऊक असलेला माणूस मात्र घरी बसतो. म्हणूनच त्याच टायटसव्हिलमध्ये २००६ मध्ये उभी राहिलेली ‘ग्रेट ईस्टर्न’ मला मोलाची वाटते. जुने घाट, साधं कार्बन पोलाद आणि थोडे थोडे नग. तिच्या काही चाकूंच्या कमानी इतक्या कडक असतात की नख मोडेल, अशी तक्रार ऐकू येते. सैल कमानीपेक्षा ती तक्रार परवडली.

आता त्या फटीविषयी. माझ्याकडच्या एका चाकूच्या मध्यावर तशी फट आहे. कागद जात नाही, पण उजेड जातो. फळ कापताना तिचा काडीचाही त्रास नाही. मात्र खिशातला धागा, रस आणि घाम तिथेच साचतो आणि आतून गंज धरतो. तेव्हा फट हा दोष आहेच. पण सगळे दोष एका मापाचे नसतात. उघडं पातं आडवं हलत असेल तर तो चाकू परत करावा. पातं मिटताना धार आतल्या कमानीवर आपटत असेल तर तोही परत करावा, कारण मिटलेलं पातं ज्या छोट्या टेकूवर थांबतं तो आधीच जास्त घासला गेलेला असतो आणि कानशीनं घासलेलं पोलाद पुन्हा वाढत नाही. रिव्हेटाजवळ हाडाला बारीक तडा दिसला तर तो वाढणारच. याउलट पातं खोबणीच्या मधोमध नसून जरा एका अंगाला असेल, पण कुठे घासत नसेल, तर ते सोडून द्यावं. दोन बाजूंच्या हाडाची छटा जुळत नाही, ही तर तक्रारच नव्हे.

कारखाने जुळणीकडे दुर्लक्ष करतात याचं कारण सरळ आहे. पाती आणि पट्ट्या यंत्र कापून देतं. जुळणीला माणसाचा वेळ लागतो आणि वेळ महाग असतो. हाडाला नवा रंग देऊन, पात्यावर कुठल्यातरी सणाची किंवा वर्धापनदिनाची अक्षरं कोरून तोच चाकू नव्यानं विकणं स्वस्त पडतं. ते विकलंही जातं, कारण एकाच घाटाचे बारा रंग घेणारे आपणच असतो. त्या बाराच्या पैशांत तीन चांगले जुळलेले चाकू येतात. आपण ते घेऊ लागलो तर ब्रॅडफर्डपर्यंत निरोप पोचेल, असं मला मनापासून वाटतं.

जुने चाकू घेताना सावधपणाचं कारण वेगळं. धार लावून लावून पातं झिजलेलं असतं, कधी बुंध्यावर नंतर मारलेली खोटी छाप असते. आणि सेल्युलॉइडच्या मुठी! शंखासारख्या झळाळणाऱ्या, मधाच्या रंगाच्या या मुठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फार लोकप्रिय होत्या. हे द्रव्य म्हणजे नायट्रेट केलेलं सेल्युलोज. उष्णता आणि दमटपणात ते हळूहळू विघटित होतं आणि त्यातून आम्लधर्मी वाफ निघते. तो चाकू बंद डब्यात ठेवला तर त्याचं पातं गंजतंच, शेजारच्या चांगल्या चाकूंचीही पाती तांबूस होतात. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हे आणखी लवकर घडतं. असा चाकू वेगळा, हवेशीर जागी ठेवावा. कातड्याच्या म्यानात तर कुठलाच चाकू कायमचा ठेवू नये. कातडं ओल धरतं आणि पितळेवर हिरवी पुटं चढतात. कार्बन पोलादाच्या पात्याला खनिज तेलाचा पातळ हात पुरतो.

शिंगाच्या मुठीशी आपला जवळचा संबंध आहे. अमेरिकी आणि इंग्रज चाकूंवरचं उत्तम शिंग म्हणजे भारतातल्या सांबराचं. मेळघाटात, ताडोबात दिसणारं तेच सांबर. नर दरवर्षी शिंगं गाळतो. ती बाहेरून घट्ट आणि आतून कमी भुसभुशीत असल्यानं मुठीला फार सोयीची. भारतातून ही निर्यात बंद झाली आणि जुन्या सांबरशिंगी चाकूंचे भाव परदेशात चढले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे आपल्याकडे या शिंगाचा व्यापार करता येत नाही, तेव्हा भारतात राहणाऱ्यानं परदेशातून असा चाकू मागवण्याच्या फंदात पडू नये. चाकू खिशात घालून हिंडण्याआधी पोलिसांचे स्थानिक मनाई आदेशही पाहावेत. महाराष्ट्रात असे आदेश वेळोवेळी निघतात आणि त्यांत चाकूचा उल्लेख असतो. घरच्या संग्रहासाठी हाडाची, लाकडाची किंवा ‘केस’च्या त्या साध्या पिवळ्या कृत्रिम मुठीची एक-पाती प्रत घेतली तरी कमान, बुंधा आणि जुळणी यांबद्दल शिकायचं ते सगळं तिच्यात असतं.