मातीचे धरण आणि पाण्याची वाट

माती पाण्यात विरघळते, हे आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात शेताचा बांध फुटतो आणि घराची कच्ची भिंत खचते. असे असता कोट्यवधी घनमीटर पाणी मातीच्याच भिंतीने वर्षानुवर्षे अडवून धरता येते, ते कसे? आणि अशी भिंत फुटलीच, तर ती कशामुळे? या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी आपणांस दूर जावयास नको. आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात उगम पावणाऱ्या कडम नदीच्या इतिहासात ती सापडतात.

बाजारहत्नूरच्या बाजूच्या डोंगरांत ही नदी जन्म घेते. नेरडिगोंड्याच्या परिसरात ती सुमारे ४५ मीटर उंचीवरून खाली झेपावते. तोच कुंतला धबधबा होय. पुढे सागवानाच्या रानांतून वाट काढीत ती कडम गावी येते आणि तेथून थोड्याच अंतरावर गोदावरीस मिळते. या कडम गावी धरणाचे काम १९४९ साली, हैदराबाद राज्याच्या काळात, सुरू झाले. १९५६ साली हा मुलूख आंध्र प्रदेशात आला, २०१४ साली तेलंगणात. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा धरणाची जागा निर्मल जिल्ह्यात गेली. नदीचे उगमाकडील पाणी मात्र आजही आदिलाबादच्याच डोंगरांवरून उतरते.

मातीचे धरण म्हणजे मातीचा नुसता ढिगारा नव्हे. ते बांधताना प्रथम नदीच्या पात्रात पायाखाली खोल चर खणून तो चिकणमातीने भरतात, म्हणजे पाणी भिंतीखालून सहजासहजी पाझरून जात नाही. भिंतीच्या मधोमध अशाच चिकण, पाणी न झिरपणाऱ्या मातीचा गाभा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमासारख्या भरड मातीचे जाड कवच घालतात. गाभा पाणी अडवितो व कवच गाभ्याला आधार देते. ही माती एकदम टाकून चालत नाही. पातळ थर पसरावयाचा, त्यात बेताचा ओलावा राखावयाचा आणि जड रूळ फिरवून तो दाबावयाचा, असे शेकडो थर एकावर एक चढतात. माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांस धरीत नाहीत. फार ओली असेल तर ती रुळाखाली सरकते.

पाण्याकडील उतारावर लाटांचा मार बसू नये म्हणून दगडांचे अस्तर लावतात. उलट बाजूस, पायथ्याशी, वाळू व खडीचे गाळण थर असतात. कारण कितीही काळजी घेतली तरी थोडे पाणी भिंतीतून पाझरणारच. ते मातीचा कण बरोबर न घेता बाहेर पडावे, एवढीच योजना करावयाची असते. म्हणूनच पायथ्याशी झिरपणारे पाणी स्वच्छ असेल, तर धरण बहुधा निरोगी समजावे. ते गढूळ येऊ लागले, तर आत कोठेतरी माती वाहून जात आहे असे जाणावे.

परंतु या सर्व कौशल्याला एक मर्यादा आहे. मातीची भिंत अंगावर आलेले पाणी अडविते. डोक्यावरून जाणारे पाणी ती सोसू शकत नाही. दगडी भिंतीवरून काही काळ पाणी वाहिले तरी तिचा टिकाव लागण्याचा संभव असतो. मातीच्या भिंतीवरून ते वाहू लागले, की उतारावरून वेगाने जाताना कण उचलते, लहानशी खाच पाडते, त्या खाचेतून अधिक पाणी धावते आणि ती खाच अधिकच खोल होते. काही तासांत खाचेचे खिंडार बनते. यासाठी मातीच्या धरणास दगडी बांधकामाचा सांडवा जोडतात आणि त्यावर दरवाजे बसवितात. भिंतीचा माथाही पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा बराच उंच ठेवितात.

कडम येथे ही मर्यादा १९५८ च्या ऑगस्टमध्ये ओलांडली गेली. त्या वेळी जलाशयाची साठवण १३ कोटी ६६ लाख घनमीटर होती आणि महापुराचे पाणी सेकंदास सुमारे १४,७०० घनमीटर इतके येत होते. आपण साधा भागाकार करून पाहू. संपूर्ण जलाशय रिकामा असता, तरी त्या वेगाने तो सुमारे अडीच तासांत काठोकाठ भरला असता! माथा पाण्याच्या पातळीपेक्षा २.४ मीटर उंच ठेविलेला असूनही पाणी त्यावरून ४६ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम हातभर, वाहिले. तेवढ्याने डाव्या तीरावर सुमारे १३७ मीटर रुंदीचे भगदाड पडले आणि उजव्या भागातही बांध दोन ठिकाणी फुटला.

यानंतर धरण पुन्हा उभे करण्यात आले. पूर्वीच्या ९ दरवाजांना आणखी ९ जोडून ते १८ केले गेले आणि १९६५ साली प्रकल्प पूर्ण झाला. जन्नारम, दंडेपल्ली, लक्सेट्टीपेट या भागांत कालव्याचे पाणी पोहोचले. सुमारे ६८ हजार एकरांचे लाभक्षेत्र या जलाशयावर अवलंबून आहे. तरीही १९९५ साली पुराने बांधाला पुन्हा खिंडार पाडले. जुलै २०२२ मध्ये सांडव्याच्या शक्तीपलीकडचा पूर आला आणि १८ पैकी एक दरवाजा उघडला नाही. खालची गावे रिकामी करावी लागली. जुलै २०२३ मध्येही काही दरवाजे अडले व पाणी दरवाजांवरून वाहिले. दोन्ही वेळी धरण थोडक्यात बचावले.

मातीच्या भिंतीचा हा स्वभाव सर्वत्र सारखाच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे काम पूर्णत्वास गेले नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठले, तळातील विमोचकाच्या वरचा बांध खचू लागला आणि जवानांनी वाळूची पोती रचूनही तो वाचला नाही. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे दगडी धरणही टिकले नाही आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. पूर येणार म्हणून जलाशय आधीच रिकामा केला आणि पाऊस हुलकावणी देऊन गेला, तर शेतकऱ्याच्या भाताला पाणी कोठून मिळणार? आणि पाण्याच्या लोभाने दरवाजे उशिरा उघडले, तर खालच्या गावांचे काय? डोंगराळ पाणलोटातून पाणी काही तासांतच खाली येते, म्हणून विचाराला वेळ फार थोडा मिळतो. अशा वेळी वरच्या भागातील पावसाची वार्ता वेळेवर पोहोचणे आणि प्रत्येक दरवाजा हाक मारताच उघडणे, यांवर हजारोंचे प्राण अवलंबून असतात. दोर, साखळ्या, यंत्रे यांना उन्हाळ्यात दिलेले वंगण हे म्हणूनच किरकोळ काम नव्हे.

आपल्या पूर्वजांना हे तत्त्व अपरिचित नव्हते. तेलंगणात तळ्याच्या सांडव्याला ‘मत्तडी’ म्हणतात आणि तामसी भागातील मत्तडीवागू प्रकल्पाच्या नावात आजही तोच शब्द ऐकू येतो. तळे बांधावयाचे तर मत्तडी आधी योजावी, एवढे गावकऱ्यांना कळत होते.

जैनदकडील सातनाला किंवा मत्तडीवागू पाहावयास आपण सहलीला जातो, तेव्हा दृष्टी पाण्याच्या विस्तारावर खिळते, हे स्वाभाविकच आहे. पण तेथे आणखी काही पाहण्यासारखे असते. बांधावर झाडेझुडपे माजली आहेत काय? त्यांची मुळे पाण्याला आत वाट करून देतात. उंदीर, घुशी, खेकडे यांची बिळे आहेत काय? अस्तराचे दगड निसटले आहेत काय? पायथ्याचे पाणी स्वच्छ आहे ना? असे काही दिसल्यास तेथील कर्मचाऱ्यांच्या कानी घालावे. जलाशयातले पाणी सर्वांचे आहे. तेव्हा बांधाची राखणही सर्वांचीच आहे.