तापनियामकाचा पालट आणि ‘वाढव’ या क्रियापदाचा अर्थ

घरातील तापमान ठरावीक मर्यादेत राखणारे उपकरण म्हणजे थर्मोस्टॅट, अर्थात तापनियामक होय. त्याचा जन्म थंड देशांतील घरे उबदार ठेवण्याच्या गरजेतून झाला. विस्कॉन्सिनमधील वॉरन जॉन्सन या अध्यापकाने १८८३ साली विद्युत तापनियामकाचे पेटंट मिळविले. पुढे १९५३ साली हनीवेल कंपनीचा गोल नियामक निघाला व तो घरोघरीच्या भिंतींवर दिसू लागला. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत थंडीला शेकोटी पुरते. खरी कसोटी पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या मे महिन्याची. तेथे हेच उपकरण एसीमध्ये उलट कामाला लागलेले असते. जुना नियामक जाऊन त्याजागी ‘स्मार्ट’ नियामक आला म्हणजे नेमके काय बदलते, हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच अर्थविचाराचाही आहे.

खिडकीत बसविलेल्या जुन्या एसीतील नियामकाची रचना साधी असते. एका बारीक, बंद नळीत वायू किंवा द्रव भरलेला असतो. खोलीतून परत येणारी हवा नळीच्या टोकाला लागते. ती उष्ण असली की नळीतील दाब वाढतो, विद्युत्संपर्क जुळतो व कॉम्प्रेसर चालू होतो. हवा निवली की संपर्क सुटतो. जुळणे व सुटणे या दोन तापमानांत मुद्दाम थोडे अंतर ठेवलेले असते, एरवी कॉम्प्रेसर क्षणोक्षणी चालू-बंद होऊन निकामी होईल. अर्थात बटण फिरविल्याने थंडाव्याचा वेग बदलत नाही. केवळ थांबण्याचे ठिकाण बदलते.

लोकांची समजूत मात्र पुष्कळदा निराळी असते. विलेट केम्प्टन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अमेरिकन घरांतील असे दोन लोकसिद्धान्त वर्णिले आहेत. पहिल्यानुसार नियामक तापमान पाहून यंत्र चालू-बंद करतो. दुसऱ्यानुसार तो पाण्याच्या तोटीसारखा आहे: जितका अधिक फिरवावा तितका प्रवाह अधिक. यंत्राच्या दृष्टीने दुसरा सिद्धान्त चूक ठरतो. परंतु विदर्भात त्याला भक्कम अनुभवाचा आधार आहे. वाळ्याच्या ताट्यांतून हवा खेचणाऱ्या कूलरला बहुधा तापनियामक नसतोच. त्याचे बटण पंख्याची गती बदलते, म्हणजे ते खरोखरच तोटी असते. ‘कूलर वाढव’ ही आज्ञा म्हणूनच निःसंदिग्ध आहे. कूलर सोडून एसीकडे वळणारे कुटुंब ही समजूत आणि हे क्रियापद दोन्ही बरोबर घेऊन येते.

जुन्या एसीत हा गोंधळ फारसा जाणवत नसे. त्याच्या बटणावर अंशांऐवजी क्रमांक असत, आणि क्रमांक वाढला की थंडावाही वाढे. नव्या नियामकावर अंश दिसतात व दिशा उलटते: अधिक थंडीसाठी आकडा कमी करावा लागतो. ‘एसी वाढव’ असे आजीने म्हटले, तर तिला थंडावा वाढवून हवा असतो. नातू आकडा वाढवितो आणि खोली अधिकच उकडू लागते. क्रियापद तेच राहिले. त्याचे कर्म मात्र बदलले. उन्हातून आलेला मनुष्य १८ हा आकडा लावतो तोही तोटीच्याच न्यायाने. वास्तविक तापलेल्या खोलीत २४ लावले काय आणि १८ लावले काय, आरंभी यंत्र सारख्याच जोराने चालते. गती बदलू शकणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रालाही भर उन्हाळ्यात आरंभी पूर्ण जोर लावावा लागतो.

२०११ साली बाजारात आलेल्या नेस्ट नियामकाने यात नवी भर घातली. घरातील माणसे आकडा केव्हा व किती फिरवितात, हे टिपून तो स्वतःच वेळापत्रक आखतो. म्हणजे हाताची हालचाल ही त्याच्या लेखी इच्छेचे चिन्ह होय. परंतु १८ लावणाऱ्याला १८ अंश नव्हे, त्वरा हवी असते. हा भेद यंत्राला वाचता येत नसल्यामुळे ते चुकीची गोष्टही निष्ठेने शिकू शकते.

पालट करताना काही व्यावहारिक बाबीही पाहाव्या लागतात. रिमोटवर चालणाऱ्या एसीला बाहेरून अवरक्त किरणांनी आज्ञा देणारे उपकरण चालते. केवळ फिरते बटण असलेल्या जुन्या यंत्राला ती आज्ञा ऐकूच येत नाही. तेथे आतील नियामक बदलावा लागतो, आणि ते काम मुख्य वीजपुरवठा तोडून जाणकाराकडूनच करून घ्यावे. बंद झालेला कॉम्प्रेसर पुन्हा चालू होण्यापूर्वी काही मिनिटांचा अवकाश राहिलाच पाहिजे. वीज जाऊन परत आल्यावर उपकरण पूर्वस्थितीवर येते की नाही, हेही आधी तपासलेले बरे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. आकडा एका अंशाने वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने सांगितले आहे. १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या एसीचे मूळ तापमान २४ अंश ठेवण्याचा नियमही आहे. २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र ज्या चंद्रपुरात कोळसा जाळते, तेथे या अंशांचा अर्थ अधिकच प्रत्यक्ष होतो. नवे उपकरण भिंतीवर बसते. जुना अर्थ मात्र बोलीत राहतो. म्हणून उपकरणाबरोबर वाक्यही बदलले पाहिजे. ‘एसी वाढव’ याऐवजी ‘२६ वर ठेव’ असे घरात म्हटले जाऊ लागले, तरच तो पालट पुरा झाला असे म्हणता येईल.