घोड्याचा मुक्काम

मनोरपासून मोखाड्यापर्यंत पसरलेल्या साग-खैरांच्या अरण्यात घोड्यावरून चार दिवस हिंडावे आणि रात्री राहुटी ठोकून उतरावे, ही कल्पना आज निव्वळ हौसेची वाटते. परंतु पालघर जिल्ह्याच्या या मुलखात घोडेस्वाराचा मुक्काम ही गोष्ट सुमारे तीन शतके मोहिमेची, वसुलीची आणि कारभाराची होती, आणि तिचा मागोवा घेऊ लागले म्हणजे असे दिसते की, या मुक्कामाचा इतिहास रिकिबीत पाय ठेवणाऱ्यापेक्षा त्याच्या घोड्यापुढे गवत टाकणाऱ्याजवळ अधिक सापडावा.

जव्हारनजीक शिरपामाळ नावाचे पठार आहे. सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराजांनी तेथे मुक्काम केला आणि जव्हारच्या विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचे स्वागत केले, अशी परंपरा तेथे सांगितली जाते. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली. दऱ्याखोऱ्यांतून लपतछपत जाणाऱ्या एवढ्या मोठ्या फौजेस भालेतलवारींच्या आधी दाणावैरण आणि पाणी लागत असणार, आणि ते मिळण्यासाठी स्थानिक संस्थानिकाचा रुकार पाठीशी असणे केवढे मोलाचे, हे सांगावयास नको. तो स्नेह मात्र टिकला नाही; १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तेच जव्हार काबीज केले.

पुढे चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठी फौजा उत्तर कोकणात उतरल्या, तेव्हा खाडी, खाजण आणि तटबंदी यांपुढे देशावरच्या घोडदळाचा इलाज खुंटला. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला पडला तो घोड्यांच्या टापांनी नव्हे, तर सुरुंग आणि शिड्यांच्या बळावर. बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मातबर सरदार त्या हल्ल्यात कामास आला. या भूमीत घोड्याने वाट चालावी, ओझे वाहावे, निरोप न्यावा; निर्णायक पाऊल मात्र पायउतार झालेल्या माणसानेच टाकावे, हा धडा त्या मोहिमेने घालून दिला.

इंग्रजी अमदानीत घोड्याचे लष्करी महत्त्व ओसरले आणि मुलकी महत्त्व वाढले. सनदी नोकरीच्या उमेदवाराला घोड्यावर बसण्याची परीक्षा द्यावी लागे, आणि तीत न उतरल्यामुळे अरविंद घोषांसारखा विद्वान त्या नोकरीस मुकला, यावरून कारभाराची भिस्त खोगिरावर किती होती, हे ध्यानात यावे. पावसाळा सरला की कलेक्टर व त्यांचे असिस्टंट दौऱ्यावर निघत. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये अशाच दौऱ्यात चौक गावी मुक्कामास असताना वरचा डोंगर चढून गेले आणि माथेरानचे भाग्य उजळले.

दौऱ्यातील घोड्याचा दिवस मुक्कामावर पोहोचल्याने संपत नसे. मोतद्दार जीन उतरवून प्रथम पाठीवरून तळवा फिरवी, कारण दोन दिवस दुर्लक्षिलेला घामोळा पुढे खोगीर टेकू न देणारी जखम होऊन बसे; मग एकेक पाय उचलून नालेच्या कडेत रुतलेला खडा काढी, खरारा करी, आगाडी-पिछाडीचे दोर मेखांना बांधी, आणि अंगाची ऊब निवल्यावरच पाणी दाखवून भिजवलेल्या हरभऱ्याच्या चंदीचा तोबरा तोंडाला लावी. उन्हाळ्यात एका घोड्यास दिवसाकाठी तीस-चाळीस लिटर पाणी सहज लागते. ज्या पाड्यावरच्या बाया झऱ्याच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरीत, तेथे साहेबाचे दोन घोडे उतरणे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल.

कागदोपत्री गवत, लाकूडफाटा आणि मजुरी यांचा मोबदला ठरलेला असला, तरी पाटील, पट्टेवाला आणि रखवालदार यांच्या हातून पाझरत तो येथल्या वारली आदिवासीच्या पदरी कितपत पडे, हा प्रश्नच होता. जमीनदार आणि ठेकेदार यांची वेठ तर उघडच चालू होती. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल सरकारला सादर केला, त्यात तिची नोंद स्पष्ट शब्दांत आहे. या भागाचे गवत मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होई, आणि १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो लढा उभा राहिला, त्याची एक प्रमुख मागणी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी, ही होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. जनावराचा चारा ज्याच्या विळ्यातून येतो, त्याने आपल्या विळ्याची किंमत प्रथमच स्वतः सांगितली होती.

आणि तरीही घोड्याविषयी या लोकांच्या मनात अढी राहिली नाही, हे नवल नोंदवण्याजोगे आहे. लग्नघरी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधल्या चौकोनात पालघट देवी, आणि शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर आरूढ झालेला पंचशिऱ्या देव. दोन त्रिकोणांच्या धडाचा तो घोडा, काडीसारखे चार पाय आणि मानेवर आयाळीच्या बारीक रेषा, असा इतका हलका असतो की तो कोणाच्या पाड्याचे पाणी संपवील असे वाटत नाही. स्वतः क्वचितच खोगिरावर बसलेल्या समाजाने आपल्या देवाला मात्र घोडा दिला.

स्वातंत्र्यानंतर जीपगाडीने दौऱ्याचा घोडा निवृत्त केला. १९६९ मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि २०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. माथेरानात मोटारीस मज्जाव असल्यामुळे घोडा अजून पोटाचे साधन आहे. पालघरच्या रानात तो उरला नाही.

अशा वेळी वनपर्यटनाच्या नावाखाली तो परत आणावा काय? अमेरिकेत घोडा घेऊन राष्ट्रीय वनांत मुक्काम करण्याची प्रथा दृढ आहे, पण तेथेही पश्चिमेकडील अनेक वनांत तणाचे बी नसलेले, प्रमाणित गवतच बरोबर न्यावे लागते, अन्यथा परके तण रानभर पसरते. आपल्याकडे अभयारण्यात शिरण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवाना लागतो, तो ठीकच आहे; परंतु परवाना म्हणजे हिशेब नव्हे. गवत कोणाचे, पाणी कोणत्या झऱ्याचे आणि त्याचा दाम कोणाच्या हाती, या तीन कलमांचा जमाखर्च पाड्याच्या ग्रामसभेपुढे आधी मांडला गेला, तरच हौशी स्वाराने या रानात मेख ठोकावी. नाहीतर त्याने पायीच चालावे, कारण पायी चालणाऱ्यास येथे कधीही कोणी परका मानलेले नाही.