कीचकाला ओळखलं कोणी?

खाडिलकरांचं 'कीचकवध' मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं, तेही जांभया देत. भीम एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव घेत नाही. असल्या नाटकाला सरकार का भ्यालं, काही केल्या कळेना. पुढे बऱ्याच वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या ढिगात इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलचं 'इंडियन अनरेस्ट' सापडलं. ज्याच्यापायी टिळक लंडनच्या कोर्टापर्यंत गेले आणि हरले, तेच हे पुस्तक. त्यातली 'कीचकवधा'वरची पानं मी दुकानात उभ्या उभ्याच वाचून काढली आणि तेव्हापासून या नाटकाचा नाद लागला.

मूळ गोष्ट वाचकांना ठाऊकच आहे. व्हाइसरॉय कर्झनने १९०५ साली बंगालची फाळणी केली. 'केसरी'तल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी महाभारतातलं विराटपर्व उचललं आणि महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली ते रंगभूमीवर आणलं. खाडिलकर नुसते लेखणीबहाद्दर नव्हते. नेपाळात कौलांच्या कारखान्याच्या आडून बंदुका तयार करायचा घाट घालून आलेले गृहस्थ होते ते. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री झालेली द्रौपदी म्हणजे भारतमाता, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि हात शिवशिवणारा भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या पोरालाही समजत होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेच्या काँग्रेसमध्ये धर्मराज आणि भीम खरोखरच एकमेकांच्या अंगावर गेले, तिथे तर जोडेही उडाले.

आता चिरोलच्या पुस्तकातलं वर्णन. त्यातला साहेब रंगमंचाकडे फारसा बघतच नाही, तो बघतो प्रेक्षकांकडे. कीचकाची मुजोरी वाढत जाते तशा पुरुषांच्या कपाळावरच्या आठ्या त्याला दिसतात. सैरंध्रीचा आकांत ऐकताना ब्राह्मण बायकांचे डोळे चमकतात, तेही त्याने टिपलंय. (ती सैरंध्री मिशा काढलेला एक पुरुष होता, हे ध्यानात घ्या!) धर्मराजाच्या सोशिकपणाला थिएटर नाक मुरडतं. आणि शेवटी कीचक मरतो. तेव्हा एक खोल, समाधानाचा हुंकार उमटतो. या नाटकाचं याहून चांगलं परीक्षण मी मराठीत वाचलेलं नाही. आमचे समीक्षक रसनिष्पत्ती शोधत बसले. प्रयोग पाहिला तो शत्रूने.

हे गद्य नाटक होतं, हेही विसरायला नको. संगीत नाटकात पद सुरू झालं की राग विरतो, प्रेक्षक सुरावर जातो. इथे ती सोयच नाही. ज्या लांबलचक भाषणांना मी कंटाळलो होतो, तीच तापलेल्या थिएटरात अंगावर येत असणार. धर्मराजावर मात्र खाडिलकरांनी अन्याय केलाय, असं माझं आजही मत आहे. गोखल्यांसारख्या मवाळांना इतकं मिळमिळीत दाखवणं सोपं होतं, खरं नव्हतं.

आणि मग नाशिक. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. रंगमंचावर होतं देवलांचं 'शारदा', म्हणजे जरठ-कुमारी विवाहावरचं समाजसुधारणेचं नाटक. ते पुढेही सुखाने चालत राहिलं. १९१० साली बंदी आली ती 'कीचकवधा'वर.

बंदीसाठी हाताशी होता १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. कलकत्त्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवरून एका बंगाली प्रहसनाने टर उडवली, म्हणून लॉर्ड नॉर्थब्रुकने आधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी लिटनच्या अमदानीत त्याचा कायदा झाला. पण इथे सरकारची खरी गोची होती. नाटकात कर्झनचं नाव नाही, इंग्रजांचा उल्लेख नाही. सगळं व्यासांनी आधीच लिहून ठेवलेलं. बंदी घालायची तर कीचकात आपला व्हाइसरॉय दिसतो, असं आपणच कबूल करायचं! तेवढं त्यांनी केलं. खाडिलकरांनी जे एकाही पात्राच्या तोंडी घातलं नव्हतं, ते चिरोलने इंग्रजीत छापून जगजाहीर केलं.

टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. खाडिलकर वळले संगीत नाटकाकडे. १९११ मध्ये 'मानापमान' आलं आणि महाराष्ट्र गाण्यात बुडाला. १९२१ साली याच 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी झाला, त्यामुळे खाडिलकरांनी राजकारण सोडलं असं कोणी म्हणू नये. पण 'कीचकवधा'सारखा हुंकार त्यांना पुन्हा ऐकू आला असेल, असं मला वाटत नाही.

तो १८७६ चा कायदा स्वतंत्र भारतातही होता. रद्द झाला २०१८ मध्ये. महाराष्ट्रात नाटकाची संहिता मंजुरीसाठी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, ती पद्धत अजून चालू आहे.