संगणक : तयार घ्यावा की जुळवून घ्यावा?

संगणक कंपनीचा तयार घ्यावा, की सुटे भाग आणून जुळवून घ्यावा, हा प्रश्न शहरातील विद्यार्थ्याला आवडीनिवडीचा वाटेल. जिंतूर तालुक्यातील कोरडवाहू शेतीच्या घरातून आलेल्या, घराण्यात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढलेल्या माझ्यासारखीला तो सोयाबीनच्या पट्टीचा प्रश्न आहे. वडिलांनी पट्टीतून तीस हजार रुपये बाजूला काढले आणि "काय घ्यायचे ते नीट पाहून घे" एवढेच सांगितले. हे 'नीट पाहणे' मी दोन महिने केले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मोबाईल असताना संगणक कशाला, असे काही मैत्रिणी विचारतात. लिपिकाच्या भरतीला टंकलेखनाचा वेग मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्द मागतात. दोन अंगठ्यांनी कितीही झरझर लिहिले तरी तो वेग कामाचा नाही. दहाही बोटांना पूर्ण कळफलक हवा, आणि तोही रोज हवा.

आता मूळ मुद्दा. संगणक सुट्या भागांतून जुळवता येतो, याचे कारण १९८१ सालात आहे. त्या वर्षी आयबीएम कंपनीने आपला छोटा संगणक बाजारात आणला, तेव्हा घाईपोटी प्रोसेसर इंटेलचा घेतला, आज्ञावली मायक्रोसॉफ्टची घेतली आणि रचनेचा तपशीलही छापून दिला. मग इतरांनी त्याच मापाचे भाग बनवले. आज एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीची रॅम आणि तिसरीची पेटी सुखाने एकत्र नांदतात ती ही पुण्याई.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न एकदा फार मोठ्या मापाने उभा राहिला होता. १९८० नंतरच्या दशकात अमेरिका आपले उत्तमातले महासंगणक भारताला मोकळ्या हाताने द्यायला तयार नव्हती. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था निघाली आणि अकोला जिल्ह्यातून आलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्यात एकच एक महाबली प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे ब्रिटिश बनावटीचे छोटे प्रोसेसर विकत आणून ते एकमेकांना जोडले होते. म्हणजे चिप विकतचीच. जोडणी आणि त्यामागची अक्कल आपली! जुळवणे म्हणजे सर्व काही घरी घडवणे नव्हे, हे मला इथे उमगले. आपल्याला मिळते ती कोणता भाग काय करतो याची जाण, आणि बिघाडाच्या वेळी तीच उपयोगी पडते.

परंतु सी-डॅकपाशी अभियंते होते. आमच्या गावात कोण आहे? म्हणून माझ्या मते किमतीच्या आधी विचारायचा प्रश्न हा, की बिघडल्यावर पेटी कोण उघडणार?

कंपनीच्या तयार संगणकाला एक बिल, एक हमी, आणि बहुधा विंडोज आधीच घातलेले. हे सुख थोडे नाही. मात्र घरी येऊन दुरुस्तीची हमी आपल्या गावापर्यंत पोचते का, हे लेखी विचारून घ्यावे. शिवाय अनेक कंपन्यांच्या छोट्या पेट्यांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्या खास मापाचे असतात. हमी संपल्यावर तो भाग परभणीच्या बाजारात मिळेलच असे नाही. जुळवलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची हमी वेगळी, पण कोणताही भाग कोणत्याही दुकानातून बदलता येतो.

जुळवणाऱ्याने मात्र डोळ्यांत तेल घालावे. प्रोसेसरचा सॉकेट मदरबोर्डाशी जुळला पाहिजे. डीडीआर-४ ची रॅम डीडीआर-५ च्या खाचेत बसतच नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते, त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. तो स्वस्त म्हणून घेतला की वेगळे ग्राफिक्स कार्ड आलेच, नाहीतर पडदा काळा. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस एकदम चढले, तेव्हा महिन्यापूर्वीच्या भावावर विसंबू नये. एकाच दिवशी दोन दुकानांतून कोटेशन घ्यावे.

दुकानदार जिथे हमखास काटकसर सुचवतो तो भाग म्हणजे एसएमपीएस. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून तो सर्वांना वाढतो; घरातल्या आईसारखे त्याचे काम, कौतुक कोणी करीत नाही. आमच्याकडे लाईट जाते, येते, आणि येताना कधी भलत्याच जोराने येते. हलका एसएमपीएस जळताना मदरबोर्डालाही सोबत नेऊ शकतो. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, एसएमपीएस चांगलाच हवा. खेड्यातील घरांत अर्थिंग पुष्कळदा नावालाच असते; पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात त्या यामुळे. आम्ही आधी अंगणात अर्थिंग करून घेतले.

तिसरी वाट जुन्या यंत्रांची. कार्यालयांतून निघालेले संगणक पुष्कळ स्वस्त मिळतात आणि मजबूतही असतात. पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरना अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र घ्यायचे तर लिनक्स शिकण्याची तयारी ठेवूनच घ्यावे. लिनक्सला दाम पडत नाही आणि त्यावर मराठी उत्तम लिहिता येते. मात्र आपल्या टंकलेखन वर्गाची आज्ञावली त्यावर चालते का, ते आधी विचारावे.

माझा निर्णय जुळवण्याच्या बाजूने झाला, कारण आमच्या मामांचा मुलगा परभणीत दुरुस्तीचे काम शिकतो आणि पेटी उघडायला तो रविवारी येऊ शकतो. तो नसता तर मी कंपनीचाच घेतला असता. प्रोसेसर, बोर्ड, आठ जीबी रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस नवे घेतले. ग्राफिक्स कार्ड नाही. पडदा जुना घेतला, त्याच्या कोपऱ्यात ओरखडा आहे. प्रत्येक भागाचे बिल अनुक्रमांकासह पिशवीत घालून आईच्या ट्रंकेत ठेवले आहे. यूपीएस पुढच्या पट्टीवर राहिला आहे.