मजुराचा हक, बागेचा मोसम

यंदा रमजान आणि द्राक्षांची काढणी एकाच वेळी आली आहे. नाशिकमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर खजुराशेजारी दिसणारी द्राक्षे बरीचशी दिंडोरी तालुक्यातली. मोहाडी, जानोरी, खेडगावच्या बागांतली. छाटणीपासून काढणीपर्यंत तिथे राबणारी माणसे मात्र पुष्कळदा पेठ-सुरगाण्याची असतात. तिकडे पाऊस धो-धो, पण भात-नागली निघाली की शिवारात काम उरत नाही. मग टोळ्या दिंडोरीकडे उतरतात. कामाचा उक्ता भाव ठरतो, पण बऱ्याचदा त्याआधीच पावसाळ्यात घेतलेली उचल डोक्यावर असते. उचल घेतलेल्या माणसाला भावावर फार बोलता येत नाही.

गावातच काम मागण्याचा हक्क मिळाला तर ही घासाघीस बदलते. महाराष्ट्राने याची सुरुवात फार आधी केली. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याच्या अभ्यासात मांडले, की जमिनीच्या फेरवाटपाने सगळ्या गरिबांचे भागणार नाही, त्यांना कामाची हमी हवी. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला उतरली. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्याच्या खर्चासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, तो हाच. (ही कपात कशासाठी, हे प्राध्यापकांच्या खोलीत विचारून पाहावे!)

जकात हा उपकार नसून गरजूंचा हक आहे, असे रमजानच्या बयानांत दरवर्षी सांगितले जाते. रोजगार हमीचा पायाही हक हाच. फरक इतका, की जकातीसाठी गरजूला शोधत जायचे असते. इथे गरजू स्वतः अर्ज करतो, आणि 15 दिवसांत काम दिले नाही तर सरकारला बेकारी भत्ता द्यावा लागतो.

2005 मध्ये केंद्राने हीच हमी देशभर नेली, कुटुंबामागे वर्षाला 100 दिवस. मजुरी 15 दिवसांत मिळायला हवी होती; सोळाव्या दिवसापासून दररोज 0.05 टक्के भरपाई. हिशेब करून पाहा. 2025-26 चा महाराष्ट्राचा दर 312 रुपये. सहा दिवसांच्या 1,872 रुपयांवर भरपाई दिवसाला 94 पैसे, महिन्याला 28 रुपये! शिवाय केंद्राच्या टप्प्यावर झालेला उशीर त्यात धरलाच जात नसे. संशोधकांनी देयकांच्या लाखो नोंदी तपासून हे उघड केले आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावरून सरकारला सुनावले. रोज कमावून रोज खाणारे घर महिनाभर थांबू शकत नाही. मुकादमाची उचल मागितल्या दिवशी हातात पडते, म्हणून माणूस पुन्हा तिकडेच जातो आणि पुढच्या छाटणीचा भाव तिथेच ठरून जातो.

आता डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा केला आहे. दिवस 125 झाले, ही चांगली गोष्ट. पण पेरणी-काढणीच्या ऐन मोसमात, वर्षातले एकूण 60 दिवस, ही कामे बंद ठेवायची आहेत. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू समजण्यासारखा आहे. प्रश्न मोसम कोणाचा धरणार, हा आहे. पेठच्या शेतीचा मोसम जुलैमधल्या भातलावणीचा. दिंडोरीच्या बागांचा फेब्रुवारी-मार्चचा. हे दिवस भागानुसार वेगळे ठरवण्याची मुभा राज्याला आहे. पेठमधली कामे द्राक्षकाढणीच्या दिवसांत चालू राहिली, आणि त्यांचे पैसे वेळेवर पडले, तरच तिथल्या मजुराला दिंडोरीच्या बागेत ‘एवढ्यात परवडत नाही’ असे म्हणता येईल.