जेवल्याशिवाय आवतण खरे नाही!

३१ मे २०२३ रोजी निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यात चाचणीसाठी पहिल्यांदा पाणी सुटले. पाणी जसजसे पुढे सरकले, तसतशी गावोगावची माणसे कालव्याकडे धावली. कुणी नारळ फोडला, बायांनी ओटी भरली, पोरांनी तर कपड्यांसकट उड्या मारल्या. आमचे चुलते तात्या मात्र ओट्यावरून हलले नाहीत.

"तात्या, चला की पाणी बघायला," म्हटले.

"जा तुम्ही. मी बघितलं अन् उद्या बंद झालं, तर आता मला सोसायचं नाय."

ज्या पाण्यासाठी माणसाने उभा जन्म वाट पाहिली, ते दारात आले तर बघायची भीती! नवख्या माणसाला हे खुळेपण वाटेल. पण जिरायती भागात जो राहिला, त्याला हे समजते.

धरणाला मंजुरी मिळाली १९७० साली. तेव्हा जागा म्हाळादेवीची होती आणि खर्च सुमारे आठ कोटींचा. पुढे जागा बदलली, निळवंडे ठरले. तात्या तेव्हा विशीत होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडता फोडता त्यांच्या लग्नाची बोलणी झाली. सोयऱ्यांनी विचारले, "जमीन हाये, पण पाण्याचं काय?" आमच्या आजोबांनी छाती ठोकून सांगितले, "दोन वर्सात पाट येतोय." काकूंची आई शेवटपर्यंत म्हणायची, "पाटाचं पाणी दावून माझी पोर नेली."

दोन वर्षांची त्रेपन्न वर्षे झाली. प्रत्येक निवडणुकीला पाट यायचा आणि निकाल लागला की परत जायचा. मोजणीवाले आले, खुंट्या रोवून गेले. गुरे राखणाऱ्या पोरांनी त्या उपटून विटीदांडू केला. मध्ये २००३ गेले, २०१२ गेले, २०१८ गेले. टँकरपुढे हंड्यांची रांग काही हटली नाही. सरकारी कागदात प्रकल्पाचा खर्च आठ कोटींवरून सुमारे ५,१७७ कोटींवर गेला.

तात्यांनी आशा धरलीच नव्हती असे नाही. दोनदा धरली आणि दोन्ही वेळा अंगाशी आली. पहिल्यांदा सोसायटीचे कर्ज काढून दोन एकर रान सपाट केले. पाट आला नाही, व्याज मात्र वेळेवर आले. दुसऱ्यांदा पाटाच्या भरवशावर डाळिंब लावले. २०१२ च्या दुष्काळात टँकर विकत घेऊन झाडे जगवली आणि शेवटी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड लावली. त्या दिवसापासून घरात पाटाचा विषय निघाला की तात्या उठून गोठ्यात जातात. लबाडाघरचे आवतण जेवल्याशिवाय खरे नाही, ही म्हण आमच्या भागात उगाच रुळलेली नाही.

म्हणून तात्यांना कुणी भित्रा म्हणू नये. आशेलाही भांडवल लागते आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे ते भांडवल लवकर संपते. आशा न धरणे हा त्याचा विमाच म्हणा ना! अपेक्षाच नाही, तर फसगत कुठली?

पण शेतकरी बंधूंनो, या विम्यालाही हप्ता भरावा लागतो, आणि तो फार महाग पडतो.

२६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीत पंतप्रधानांच्या हस्ते डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. कालवा ८५ किलोमीटरचा. सात तालुक्यांतील १८२ गावांना लाभ देण्याची योजना. त्यात नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सहा तालुके आणि नाशिकमधील एक. पण मुख्य कालवा वाहिला म्हणजे प्रत्येकाच्या बांधावर पाणी आले, असा अर्थ होत नाही. कालव्यापासून वावरापर्यंत मधे बरीच कामे असतात. त्यातली काही सरकारची, काही आपली.

आपली कोणती? आवर्तन ठरले की पाटबंधारे खाते जाहीर प्रकटन काढते आणि ठराविक मुदतीत नमुना नंबर सातचे पाणी अर्ज मागवते. ज्याने अर्जच केला नाही, त्याची मागणी कागदावर येत नाही. दुसरे काम पाणीवापर संस्थेचे. २००५ च्या कायद्याप्रमाणे संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी मिळते आणि ते सभासदांत वाटायचे काम संस्थेचे. संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेपटाच्या शेतकऱ्यांना जागा ठेवलेली आहे. शेपटाचा माणूस "पाणी आल्यावर बघू" म्हणत घरी बसला, तर त्याची बाजू मांडणार कोण?

आमच्या गावात संस्थेसाठी सभा बोलावली. सतरंजी टाकली, चहा ठेवला. चहाला वीस जण आले, सहीला सात. जे आले नाहीत ते काही आळशी नव्हते. त्यांना सही करताना हात कापतो. सही केली की मन गुंतते, मन गुंतले की वाट पाहणे आले. ती वाट पाहणेच नको वाटते.

मग करायचे काय? डोळे झाकून विश्वास ठेवायचा? मुळीच नाही. उत्तर आपल्याच शेतीत आहे. मृगाचा पहिला शिडकावा झाला म्हणून शहाणा शेतकरी सगळे रान पेरत नाही. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असे कृषी खातेही सांगते. पण पाऊस नक्की होईल असे कुणी लिहून दिल्यावरच नांगरट करू, असेही कुणी म्हणत नाही. मशागत आधी होते, बी घरात येते, पेरणी ओल बघून होते. पाटाच्या पाण्याचेही तसेच धरावे.

ज्याला पैसा लागत नाही किंवा थोडा लागतो, ते आधी करावे. सात नंबरचा अर्ज भरावा, त्याची पोच जपून ठेवावी. सभेला जाऊन सही करावी. बांध नीट करावे. कर्ज काढून उसाचे बेणे मात्र लगेच आणू नये. पहिल्या वर्षी एकरभर हरभरा करून बघावा. दोन आवर्तने वेळेवर मिळाली, तर पुढचे पाऊल टाकावे. बुडाले तर एका एकराचे बुडेल, घर बुडणार नाही.

दोन शब्द गावकारभाऱ्यांना आणि साहेबांना. प्रकटन नुसते फलकावर डकवून भागत नाही. दवंडी द्या, वस्तीवर निरोप धाडा, अर्ज भरता येत नसेल त्याला भरून द्या. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, पाळता येणार नाही अशी तारीख सांगू नका. "अमुक काम अडले आहे, या आवर्तनाला तुमच्याकडे पाणी येणार नाही," असे तोंडावर सांगा. आमची माणसे नकार पचवतात. त्रेपन्न वर्षे पचवलाच की! खोटी तारीख मात्र त्यांना कायमचे घरी बसवते.

परवा काकू पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड शोधत होत्या, तर हाती एक कागद लागला. नमुना सातची पोच, तात्यांच्या नावाची. अर्ज एका एकराचा. कुणाला न सांगता तालुक्याला जाऊन भरून आले होते.

"तात्या, हे कधी केलं?" मी विचारले.

"एक एकराचाच भरलाय," ते गोठ्याकडे जात म्हणाले. "लगेच गावभर करू नको."